घड्याळ मागं गेलं तर?

आम्हा मुदखेडकरांना जंक्शनमुळं वेळ एकच माहीत, रेल्वेची. पण मुंबईत १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही ३९ मिनिटं मागची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकली. त्या घड्याळात १० ला निघून ५ मिनिटांत व्हीटीला पोचलात, तर स्टेशनात १०:४४! दोन घड्याळांची वजाबाकी चुकणारच.

१ जानेवारी २०१७, पहाटे ५:३०. लीप सेकंदासाठी कॉम्प्युटरची घड्याळं सेकंदभर मागं गेली. क्लाउडफ्लेअरच्या गो प्रोग्रॅममध्ये लागलेला वेळ चक्क उणे आला, नि डीएनएस सेवा काही ठिकाणी कोलमडली. ऑगस्टमध्ये आलेल्या गो १.९ नं ‘टाइम.नाऊ’मध्ये कधीच मागं न जाणारं मोनोटॉनिक घड्याळही जोडलं.

म्हणून मी म्हणतो, किती वाजले हे भिंतीवरच्या घड्याळाला विचारा. किती वेळ लागला, हे ‘टाइम.सिन्स’ला.