वाघबारस आणि पिंजरा

आपली दिवाळी वसुबारसेला सुरू होते. गाय-वासराची पूजा झाली की घरोघर फराळाच्या तळणाला जोर येतो. पण हीच आश्विन वद्य द्वादशी अकोले-जव्हारकडच्या डोंगरपट्ट्यात वाघबारस म्हणून पाळतात, हे शहरातल्या पुष्कळांच्या गावीही नसते. महादेव कोळी, ठाकर, कोकणा, वारली ही मंडळी रानातल्या वाघोबाला नैवेद्य दाखवतात. देव साधाच; शेंदूर फासलेला दगड, नाहीतर लाकडाची फळी, तीवर कोरलेला वाघ आणि त्याच्या माथ्यावर चंद्र-सूर्य. काही गावांत एका गुराखी पोराला वाघ करतात व बाकीची पोरे त्याला शिवेबाहेर पिटाळून लावतात.

या चालीत मला भाबडी भक्ती दिसत नाही. हा एक करारनामा आहे. तुझा मान तुला वर्षाकाठी पोचेल, तू आमच्या गुरांना राख. करार अधूनमधून मोडतो, शेळी जाते, क्वचित माणूसही जातो, हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक. म्हणून तर तो दरसाल नव्याने करावा लागतो! त्यांच्या बोलण्यात वाघ म्हटले की पट्टेरी आणि बिबळ्या दोन्ही आले. पट्टेरी त्या मुलखातून नाहीसा झाल्यावर सगळा मान बिबळ्याकडे आला, एवढेच.

इंग्रजी अमदानीत सरकारने या जनावरांच्या शिकारीला इनाम लावले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना अभय दिले. धोरण उलटे झाले. पण व्यवहार सरकार आणि जनावर यांच्यातच राहिला. गावाला दोन्ही वेळा कोणी विचारले नाही.

मधल्या काळात जुन्नरचा मुलूखच पालटला. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले आणि जिराईत माळांवर ऊस उभा राहिला. वर्षभर न हलणारे ते दाट, गार रान. आत पाणी, बाहेर वस्तीवरची कुत्री, डुकरे, शेळ्या. बिबळ्याला आणखी काय हवे? मादीची पिले उसातच जन्मू लागली. बिबळ्या जंगल सोडून गावात शिरला असे आपण म्हणतो. या पिलांना उसाखेरीज दुसरे जंगल ठाऊकच नव्हते.

हल्ले होऊ लागले, पोरेबाळे दगावली. ज्या घरातले मूल गेले त्या घराला निसर्गाचा समतोल समजावून सांगणाऱ्याची मला लाजच वाटते. लोकांनी पिंजरे मागितले, आणि वनखात्याने ते लावले. फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ या काळात शंभरावर बिबळे धरले गेले. त्यांतले कित्येक दूरच्या रानांत सोडण्यात आले. उपाय अगदी शहाणपणाचा दिसत होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला तेव्हा निराळेच निघाले. आधीच्या वर्षांत माणसांवर सरासरी ४ हल्ले होत. धरपकडीच्या काळात ते वर्षाला १७ वर गेले. त्यांतले जीवघेणे ठरण्याचे प्रमाणही वाढले.

याचे कारण जनावराच्या स्वभावात आहे. बिबळ्याचा इलाका ठरलेला असतो. कुत्रे कोठे मिळते, माणूस केव्हा झोपतो, हे त्याला तोंडपाठ असते. पिंजऱ्यात बिथरलेले असे जनावर अनोळखी मुलखात सोडले की ते परतीची वाट धरते, आणि ती वाट वस्त्यांमधून जाते. इकडे रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबळ्या येतो तो येतोच. २००४ च्या एकट्या जूनमध्ये मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती दहाच्या आसपास माणसे मेली. त्या उद्यानातही बाहेरून धरून आणलेले बिबळे सोडलेले होते. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या एका विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबळ्या गळ्यात पट्टा घालून माळशेजात सोडला, तर तो शंभरावर किलोमीटर चालून थेट मुंबईच्या वेशीला आला. वाटेत महामार्ग लागले, गावे लागली. त्याने कोणा माणसाला इजा केली नाही; २०११ मध्ये तोच एका वाहनाखाली मेला.

सरकारने २०११ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ऊठसूट धरून दूर सोडण्याला आळा घातला. मुंबईत कचरा उचलणे, रात्री पोरांना एकटे न सोडणे, बिबळ्या दिसताच गर्दी न करणे, असल्या बिनकौतुकाच्या गोष्टींवर भर आला. मोठा हल्ला झाला की अजूनही जुनीच मागणी उठते, आणि ती करणाऱ्यांचा राग खोटा नसतो. ऊसतोड मजुराची खोप उसाच्या कडेलाच असते, आणि तिला दार नसते.

ऊसतोडीत पिले सापडली की जुन्नरकडे आता ती दूर नेत नाहीत. खोक्यात घालून, ज्या फडात सापडली तेथेच संध्याकाळी ठेवतात. माणसे लांब सरतात, दिवे विझतात. पुष्कळदा मध्यरात्रीच्या सुमारास मादी येते, खोके उलथवते आणि एकेक पिलू तोंडात धरून उभ्या उसात निघून जाते.