खानदेशी उन्हाळ्याची घरघर

होळी पेटली की शिंदखेड्यात माळ्यावरचे कूलर खाली येतात. आठ महिने धूळ खात पडलेल्या या यंत्राला वीज दिली की पहिल्या दिवशी तक्रार ठरलेली: पत्रा थडथडतो, पंखा घासतो, मोटार नुसतीच घुमते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी यायच्या आत कूलर नीट व्हायला हवा, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये वायंडिंगच्या दुकानांत शेतीपंपांच्या मोटारींशेजारी कूलरच्या मोटारींची रांग लागते. या साध्या दिसणाऱ्या कारागिरीमागे थंडावा मिळवण्याचा मोठा इतिहास आहे.

तापी, पांझरा आणि बुराईच्या या मुलखात थंडावा पूर्वी घराच्या बांधणीतच असे. मातीच्या जाड भिंती, लहान खिडक्या आणि वर धाबे, म्हणजे लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर देऊन केलेले सपाट छप्पर. दिवसाची उष्णता भिंतींतून आत यायला संध्याकाळ होई. तोवर माणसे धाब्यावर बाजा टाकून झोपायला गेलेली असत. या थंडाव्याला ना चाक होते, ना आवाज.

हवा ओली करून गार करण्याची रीत दरबारांतही होती. अकबराच्या सूचनेवरून बांबूच्या चौकटींत वाळा भरून खोल्या करू लागले आणि त्यांवर पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरे, असे अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदवले आहे. पुढे इंग्रजी अमदानीत साहेबांच्या बंगल्यांवर वाळ्याच्या ताट्या आणि छताला झुलता पंखा आला. ताट्या भिजवायला एक माणूस, पंख्याची दोरी ओढायला दुसरा. गारवा आत मिळे, तो निर्माण करणारा मात्र बहुतेक वेळा बाहेर उकाड्यात बसलेला असे.

या कामाला पहिले यंत्र मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्याचे नाव थर्मअँटिडोट. धान्य उफणायच्या यंत्रासारखा हाताने फिरवायचा पंखा एका मोठ्या पेटीत बसवायचा, पेटीला ओल्या ताट्या लावायच्या आणि तिचे तोंड खिडकीतून घरात काढायचे. फॅनी पार्क्स या इंग्रज प्रवासी लेखिकेने १८३१च्या उन्हाळ्याच्या वर्णनात त्याचे कौतुक केले आहे. पेटी, पंखा, ओली ताटी: आजच्या कूलरची सारी मांडणी तिथे तयार होती. उणीव होती फक्त मोटारीची आणि पंपाची. पंखा फिरवायला अजूनही माणूसच लागत होता.

मोटारीला वीज हवी, आणि ती खानदेशच्या खेड्यांत उशिरा पोचली. मुंबईचे रीगल चित्रपटगृह १९३३ मध्येच वातानुकूलित होऊन उघडले. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र वीज पसरली ती प्रामुख्याने १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतर. भुसावळजवळच्या दीपनगरला औष्णिक वीजनिर्मिती सुरू झाली १९६८ मध्ये. विहिरींवर पंप आले, पिठाच्या गिरण्या विजेवर फिरू लागल्या आणि त्यांच्यामागून जळालेल्या मोटारींना तांब्याची तार भरून देणारे कारागीर तालुक्याच्या गावांत स्थिरावले. कूलर आला तेव्हा त्याला दुरुस्त करणारे हात इथे आधीच तयार होते. पत्र्याची पेटी इथलाच पत्रेवाला करी. आत मोटार, पंखा, छोटा पंप आणि तीन बाजूंना गवताच्या ताट्या. पुढे प्लास्टिकचे कूलर आले. अहमदाबादेत १९८८ साली सुरू झालेल्या सिम्फनीसारख्या कंपन्यांनी ते देशभर नेले.

कोरड्या हवेत कूलरचे काम चोख होते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या ताटीतून येणारी हवा २६-२७ अंशांपर्यंत उतरते. मात्र जे पाणी हवा गार करते, तेच यंत्र कुरतडते. बोअरच्या जड पाण्यातले क्षार ताटीवर साचतात, पंपात अडकतात, उडालेल्या थेंबांबरोबर पंख्याच्या पात्यांवरही बसतात. एका पात्यावर थर जाड, दुसऱ्यावर पातळ झाला की तोल गेलाच. असा पंखा मिनिटाला हजारावर फेरे मारू लागला की सगळी पेटी थरथरते.

म्हणून जाणता मिस्त्री आधी मोटार बदलत नाही. वीज बंद करून पंखा हाताने फिरवतो आणि पाती खरवडून धुतो. एखादे पाते वाकले आहे का, ते पाहतो. मग दांडा हलवून बुश झिजला आहे का ते तपासतो, मोटारीखालचे रबरी वॉशर बदलतो, स्टँडचे चारही पाय जमिनीला टेकवतो. पंखा न फिरता मोटार घुमत असेल तर कपॅसिटर बघतो. शेवटी अर्थिंग. पाणी आणि विजेचा संसार एका पत्र्याच्या पेटीत मांडलेला असताना ही तपासणी जिवावरची आहे; ती वगळणारी दुरुस्ती अपुरीच म्हणायला हवी.

एसीची गोष्ट याहून वेगळी. मुंबईत १९५४ साली टाटा आणि स्विस फोल्कार्ट ब्रदर्स यांनी मिळून व्होल्टास उभी केली, पण तालुक्याच्या गावांतल्या घरांपर्यंत एसी पोचायला पुढची कित्येक दशके लागली. एसी हवा ओली करत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तेच चक्र उलटे फिरवले तर बाहेरची उष्णता घरात आणता येते. यंत्राने उष्णता खेचून इमारती उबदार करण्याची कल्पना विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५२ मध्येच मांडली होती. थंडीत पारा एक आकडी उतरणाऱ्या धुळे जिल्ह्यात उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देणारी अशी ‘हॉट अँड कोल्ड’ यंत्रे उपयोगी पडणारी आहेत.

त्यांचाही बाहेरचा भाग गुरगुरतो, भिंतीला हादरे देतो. कॉम्प्रेसर आणि गॅसचे काम प्रशिक्षित माणसाचेच. पण भिंतीवरचा ब्रॅकेट सैल होणे, पायांखालचे रबर कडक पडणे, तांब्याची नळी पत्र्याला लागणे, पंख्यावर धूळ साचून तोल जाणे, ही कारणे कूलर दुरुस्त करणाऱ्याच्या ओळखीची आहेत. त्याला गॅसचे रीतसर शिक्षण मिळाले, कंपन्यांनी सुटे भाग आणि माहिती खुली ठेवली, तर घुमणाऱ्या यंत्रासाठी शिंदखेड्याच्या माणसाला धुळ्याहून कोणी येण्याची वाट पाहत बसावे लागणार नाही. तालुक्याच्या ज्या दुकानांनी दोन पिढ्या पंप आणि कूलर चालते ठेवले, त्यांना हे पुढचे काम मिळणे न्याय्य आहे, आणि ४४-४५ अंशांच्या मे महिन्यात तातडीचेही.