दिनविशेष : १ जानेवारी
विदर्भाच्या पहिल्या रणजी करंडकाचा दिवस

२०१८ : इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीचा ९ गडी राखून पराभव करत विदर्भाने रणजी करंडकावर प्रथमच नाव कोरले. कर्णधार होता फैज फजल, तर प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. अंतिम फेरी गाठण्याचीही विदर्भाची ही पहिलीच वेळ होती.

वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानीने दिल्लीच्या पहिल्या डावात हॅट‌्ट्रिकसह ६ बळी टिपले. १४५ धावा काढणाऱ्या ध्रुव शोरीचा त्याने उडवलेला त्रिफळा हा त्या हॅट‌्ट्रिकमधला शेवटचा बळी. दिल्लीच्या २९५ धावांना विदर्भाने ५४७ धावांनी उत्तर दिले. त्यात यष्टिरक्षक अक्षय वाडकरचा १३३ धावांचा वाटा होता. दिल्लीचा दुसरा डाव २८० धावांत आटोपला आणि विजयासाठी हव्या असलेल्या २९ धावा विदर्भाने चौथ्याच दिवशी पार केल्या.

वर्षानुवर्षे कच्चा संघ म्हणून गणल्या गेलेल्या विदर्भाने पुढच्याच हंगामात सौराष्ट्राला नमवून करंडक राखला. २०२५ मध्ये वाडकरच्याच नेतृत्वाखाली तो तिसऱ्यांदा जिंकला.

नागपूर-अमरावती महामार्गावरच्या तळेगाव (श्यामजी पंत) सारख्या गावांतल्या मैदानांवर खेळणाऱ्या पोरांसाठी हा दिवस मोलाचा आहे. आपल्या मातीतल्या खेळाडूंनाही देश जिंकता येतो, हे त्या विजयाने दाखवले. गावातली मैदाने तेवढी आपण राखू या.