ब्लॅक कंट्रीचे पोलाद आणि जुडास प्रीस्ट

जुडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ हा एकोणिसावा स्टुडिओ अल्बम ८ मार्च २०२४ रोजी बाजारात आला. बँडचा पहिला अल्बम निघाला होता १९७४ साली, म्हणजे दोहोंमध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचे अंतर आहे. ब्रिटनच्या अल्बम-यादीत नव्या अल्बमने दुसरा क्रमांक पटकावला. मायदेशात इतके वरचे स्थान या बँडला त्याआधी कधीच मिळाले नव्हते. हे संगीत ज्या मुलखात जन्मले तिथल्या पोलादाच्या भट्ट्या मात्र तोवर विझून चार दशके उलटली होती.

तो मुलूख म्हणजे बर्मिंगहॅमच्या वायव्येला पसरलेला ‘ब्लॅक कंट्री’. डडली, वॉलसॉल, वेस्ट ब्रॉमिच आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या आसपासचा हा भाग. दगडी कोळशाचा जाड थर, लोहखनिज आणि चुनखडी या तिन्ही गोष्टी इथे जवळजवळ सापडत असल्याने लोखंडाच्या धंद्याने इथे लवकर मूळ धरले. खाणीतले पाणी उपसण्यासाठी टॉमस न्यूकोमेनने बनवलेले वाफेचे इंजिन १७१२ मध्ये डडलीजवळच बसवले गेले. पुढे एकेका गावाने एकेक काम आपलेसे केले. विलेनहॉलमध्ये कुलपे होत, वेस्ट ब्रॉमिचमध्ये स्प्रिंगा आणि तराजू, तर वॉलसॉलमध्ये खोगिरे, लगामाच्या कड्या आणि रिकिबी. क्रॅडली हीथच्या परसदारी बायका लहान भट्ट्यांवर साखळ्या घडवत. ठरलेली किमान मजुरी हाती पडावी म्हणून १९१० मध्ये त्यांनी दहा आठवडे काम बंद ठेवले आणि ती मिळवलीच. नेदर्टनच्या नोआ हिंग्ली कंपनीने टायटॅनिकचा मुख्य नांगर बनवला. त्याचे वजन पंधरा टनांहून जास्त होते आणि त्याची गाडी रेल्वे स्टेशनापर्यंत ओढायला वीस घोडे जुंपावे लागले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या पिढीचे बालपण याच कारखान्यांच्या आवाजात गेले. जुडास प्रीस्टचा गायक रॉब हॅलफर्ड वॉलसॉलच्या कामगार वस्तीत वाढला. शाळेच्या वाटेवर फाउंड्री लागे, तिचा धूर घशात जाई आणि वर्गात बसल्यावर वाफेच्या घणांच्या दणक्यांनी बाक हादरत, हे त्याने अनेकदा सांगितले आहे. गिटारवादक ग्लेन टिप्टन उमेदवारीच्या वयात ‘ब्रिटिश स्टील’ या सरकारी पोलाद कंपनीत नोकरीला होता.

या धंद्याची सर्वांत ठळक खूण मात्र शेजारच्या बर्मिंगहॅममधल्या एका तरुणाच्या हातावर उमटली. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचे काम करत असे. नोकरीच्या शेवटच्या दिवशी गैरहजर कामगाराच्या जागी त्याला प्रेसवर उभे केले गेले आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. आयोमी डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. भांडी घासण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोप्या केल्या, त्यांवर चामडे चिकटवले आणि गिटारवर हलक्या तारा चढवल्या. पुढे त्याने तारा सैल करून सूरही खाली उतरवला. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बममध्ये ऐकू येणारा तो खोल, जड स्वर पुढे हेवी मेटलची ओळख बनला. त्यामागे एका कामगाराच्या जखमेवर काढलेला कारागिरीचा तोडगा आहे, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

तरीही कारखान्यांमुळेच हे संगीत जन्मले, असे सरळ म्हणणे धाडसाचे ठरेल. लेड झेपेलिनचा रॉबर्ट प्लांट वेस्ट ब्रॉमिचचाच, पण त्याच्या गाण्यात अमेरिकी ब्लूज आणि लोकगीतांकडे ओढा कितीतरी जास्त आहे. याच भागातल्या फाउंड्रींमध्ये पंजाबातून आलेले हजारो लोक घाम गाळत होते आणि त्यांच्या मुलांनी भांगड्याला नवे रूप दिले. कारखान्यांनी या सर्वांना दणकट आवाजाची सवय लावली, पहिल्या पगारातून वाद्य घेण्याइतके पैसे दिले आणि जन्मभर तिथेच राबायचे नाही ही ईर्षाही दिली. बाकीचे काम ब्लूजच्या तबकड्यांनी आणि अधिकाधिक ताकदीच्या अॅम्प्लिफायरांनी केले.

जुडास प्रीस्ट हे नाव बॉब डिलनच्या एका गाण्यावरून घेतलेले. १९६९ मध्ये वेस्ट ब्रॉमिचला या नावाचा पहिला बँड उभा राहिला, पण तो वर्षभरातच मोडला. त्याचा गायक अॅल अॅटकिन्स मग गिटारवादक के. के. डाउनिंग आणि बासवादक इयन हिल यांच्या बँडमध्ये गेला आणि ते नाव तिथे चालू झाले. १९७३ मध्ये अॅटकिन्स बाहेर पडला आणि हॅलफर्ड आला. हिलची तेव्हाची मैत्रीण ही हॅलफर्डची बहीण, ओळख झाली ती तिच्यामुळे. पुढच्या वर्षी टिप्टन आल्यावर दोन लीड गिटारांची जोडी जमली. एकाने धून धरायची आणि दुसऱ्याने तिला वरच्या स्वरात साथ द्यायची, मग दोघांनी आळीपाळीने सुटे वादन करायचे, ही पद्धत या जोडीने इतकी घट्ट बसवली की पुढच्या शेकडो बँडांनी ती उचलली. ब्लूजची लय हळूहळू गळत गेली आणि वेग वाढला. १९७८ च्या सुमारास काळे चामडे, खिळे आणि साखळ्यांचा पोशाखही आला. वॉलसॉल चामड्याचे गाव असले तरी हे कपडे आले लंडनच्या दुकानांतून.

बँडच्या इतिहासात १९८० चा ‘ब्रिटिश स्टील’ हा अल्बम मध्यभागी आहे. २ जानेवारी १९८० रोजी ब्रिटनमधल्या पोलाद कामगारांनी देशव्यापी संप पुकारला. संप चालू असताना बँड अॅस्कटजवळच्या टिटनहर्स्ट पार्कमध्ये ध्वनिमुद्रण करत होता. हे घर आधी जॉन लेननचे होते, तेव्हा रिंगो स्टारच्या मालकीचे होते. आवाजांचे तयार नमुने यंत्रातून काढण्याची सोय अजून हाताशी नव्हती, म्हणून निर्माता टॉम अॅलम आणि वादकांनी घरातल्याच वस्तू वापरल्या. ‘मेटल गॉड्स’मध्ये पोलादी यंत्रमानवांच्या पावलांचा आवाज हवा होता, तो काटे-चमच्यांनी भरलेला ट्रे खळखळवून मिळवला. ‘ब्रेकिंग द लॉ’मध्ये काच फुटते, ती दुधाच्या बाटल्यांची. त्याच गाण्यात काम नसलेल्या, पिचलेल्या तरुणाची चीड आहे, आणि त्या हिवाळ्यात हे कोणाबद्दल आहे हे वेस्ट ब्रॉमिचमध्ये कोणाला सांगावे लागले नसेल. रोस्वाव शायबो याच्या मुखपृष्ठावर बोटांत धरलेले दाढीचे पाते आहे आणि त्यावर त्या पोलाद कंपनीचे नाव. संप एप्रिलच्या सुरुवातीला मिटला आणि १४ एप्रिलला अल्बम निघाला.

भट्ट्या मात्र वाचल्या नाहीत. बिल्स्टनचा पोलाद कारखाना १९७९ मध्येच बंद झाला होता. तिथली ‘एलिझाबेथ’ नावाची झोतभट्टी १९८० च्या ऑक्टोबरमध्ये पाडली गेली. १९८२ च्या अखेरीस राउंड ओकचा कारखाना बंद पडला आणि त्या परिसरात मेरी हिलचे अवाढव्य खरेदी केंद्र उभे राहिले. बँडला त्याच काळात अमेरिकेत लाखांची गर्दी मिळू लागली होती. १९९० मध्ये नेवाडातल्या न्यायालयात दोन तरुणांच्या आत्मघाताचा ठपका बँडच्या गाण्यातल्या कथित छुप्या शब्दांवर ठेवला गेला आणि न्यायाधीशांनी तो दावा फेटाळला. त्याच वर्षी ‘पेनकिलर’ हा अल्बम आला. त्यात स्कॉट ट्रॅव्हिस या नव्या ड्रमवादकाची दोन्ही पायांची थाप घणाच्या यंत्रासारखी अखंड चालते. हॅलफर्ड पुढे बाहेर पडला, १९९८ मध्ये त्याने आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि २००३ मध्ये तो परतला. २०११ मध्ये डाउनिंग निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेला रिची फॉकनर १९८० सालचा, ‘ब्रिटिश स्टील’च्याच वर्षी जन्मलेला.

‘इन्व्हिन्सिबल शील्ड’कडे पाहताना त्याआधीची काही वर्षे ध्यानात घ्यावी लागतात. टिप्टनला पार्किन्सन्स झाल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. दौऱ्यावर त्याची जागा निर्माता अँडी स्नीपने घेतली आणि टिप्टन शेवटच्या काही गाण्यांपुरता मंचावर येऊ लागला. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या महोत्सवात ‘पेनकिलर’ वाजवता वाजवताच फॉकनरची महाधमनी फाटली. त्याने गाणे पूर्ण केले, मग दहा तासांहून अधिक चाललेल्या शस्त्रक्रियेने तो वाचला. हॅलफर्डला प्रोस्टेटचा कर्करोग होऊन गेल्याचेही त्याच वर्षी कळले.

एवढ्या पार्श्वभूमीवर अल्बममध्ये थकव्याचा मागमूस नाही. स्नीपनेच निर्मिती केली. गाण्यांच्या श्रेयात हॅलफर्ड, फॉकनर आणि टिप्टन ही नावे आहेत. हात पूर्वीसारखे चालत नसले तरी टिप्टनच्या जुन्या-नव्या कल्पना गाण्यांत गुंफल्या गेल्या. ‘पॅनिक अटॅक’ इंटरनेटवरच्या भीतीच्या बाजाराबद्दल आहे आणि त्याची सुरुवात १९८६ च्या ‘टर्बो’ अल्बममधल्या सिंथ-गिटारची आठवण करून देते. ‘क्राउन ऑफ हॉर्न्स’ संथ आणि सुरेल आहे, तर ‘जायंट्स इन द स्काय’ रॉनी जेम्स डिओ आणि लेमी यांच्यासारख्या दिवंगत गायकांना वाहिलेले. तेव्हा बहात्तर वर्षांच्या असलेल्या हॅलफर्डने वरची पट्टी सोडलेली नाही, पण जास्त दाद द्यावी ती फॉकनरला. आपल्या जन्माआधी ठरलेली दोन गिटारांची रीत तो नकलेत न अडकता, हातात मुरलेल्या कसबाप्रमाणे वापरतो.

अल्बमपाठोपाठ सॅक्सन आणि युराया हीप या बँडांच्या साथीने ब्रिटनचा दौरा झाला. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथने निरोपाचा कार्यक्रम केला, पण जुडास प्रीस्टला तिथे जाता आले नाही. स्कॉर्पिअन्स या बँडच्या साठाव्या वर्षाच्या सोहळ्यासाठी त्यांनी हॅनोव्हरला आधीच शब्द दिला होता. म्हणून त्यांनी सॅबथचे ‘वॉर पिग्ज’ आपल्या ढंगात ध्वनिमुद्रित केले. २२ जुलैला सॅबथचा गायक ऑझी ऑझबर्न याचे निधन झाले. त्याच वर्षी या गाण्याची ऑझीच्या आवाजासह केलेली आवृत्ती निघाली आणि तिचे उत्पन्न पार्किन्सन्सवरील संशोधनासाठी देण्यात आले. हा आजार ऑझीलाही होता.