चेहरा झाकणाऱ्या बुरख्यावरील बंदी आणि राज्यसत्तेची मर्यादा

सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास मनाई करणारा कायदा फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१० मध्ये जारी झाला व ११ एप्रिल २०११ पासून अमलात आला. त्यात कोणत्याही धर्माचा उल्लेख नाही. तथापि त्याचा रोख नकाब व बुरखा यांवर होता, हे उघड आहे. नियमभंगास १५० युरोपर्यंत दंड किंवा नागरिकत्वाच्या पाठांना सक्तीची उपस्थिती अशी शिक्षा आहे. धाकदपटशाने स्त्रीला चेहरा झाकावयास लावणाऱ्यास मात्र एक वर्ष कारावास व ३०,००० युरो दंड होऊ शकतो. प्रार्थनास्थळांत ही बंदी लागू होणार नाही, असे फ्रान्सच्या संविधान परिषदेने स्पष्ट केले.

१ जुलै २०१४ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. सुरक्षितता व स्त्री-पुरुष समता ही कारणे सरसकट बंदीस पुरेशी नाहीत, असे न्यायालयाचे मत पडले. समाजात एकत्र नांदण्यासाठी चेहरा दिसणे आवश्यक आहे, हा एकच युक्तिवाद त्याने ग्राह्य धरला. याउलट, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१८ साली दंड झालेल्या दोन स्त्रियांच्या बाजूने कौल दिला. अशा बंदीमुळे स्त्रियांचे संरक्षण होण्याऐवजी त्या घरातच कोंडल्या जाण्याचा धोका आहे, असे समितीने नमूद केले.

ख्रिस्तसभेची याविषयीची कसोटी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्यात आढळते. सद्‌सद्विवेकाविरुद्ध वागण्याची सक्ती कोणावरही होऊ नये आणि न्याय्य मर्यादेत त्यानुसार वागण्यास कोणालाही अटकाव होऊ नये, अशी ती शिकवण आहे. इतरांचे हक्क, सार्वजनिक शांतता व नीतिमत्ता यांच्या रक्षणासाठी शासन निर्बंध घालू शकते; मात्र आवश्यक तेवढेच.

या कसोटीनुसार, ओळख पटविण्यासाठी चेहरा दाखविण्यास सांगणे किंवा सक्ती करणाऱ्यास शिक्षा करणे हे शासनाचे कर्तव्यच होय. परंतु जी स्त्री स्वेच्छेने चेहरा झाकते, तिला केवळ त्यासाठी दंड करताना राज्यसत्ता सद्‌सद्विवेकाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपते.

हा प्रश्न केवळ मुस्लिम भगिनींचा नाही. फ्रान्सच्याच मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना डोक्यावरील हिजाबाप्रमाणेच ठळक आकाराचा क्रूस घालण्यासही मनाई केली आहे. कैसराच्या नाण्यावर कैसराची मुद्रा असते; मनुष्यावर मात्र देवाची प्रतिमा आहे. शेजाऱ्याच्या स्वातंत्र्याचा आदर करताना आपण त्याच प्रतिमेचा सन्मान करीत असतो.