कॅन्सरच्या औषधाचा सातपुड्यापर्यंतचा प्रवास

औषधाला मान्यता एका आजारासाठी असते आणि डॉक्टर ते दुसऱ्याच आजाराला लिहून देतात, हे ऐकलं की आपल्याला लगेच गैरप्रकाराचा वास येतो. आपल्या खानदेशाला जवळचं एक उदाहरण बघू.

चोपडा, यावल, रावेर, तिकडे धुळ्याचं शिरपूर. सातपुड्याच्या या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल पिढ्यानपिढ्या आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं ठणकतात.

यावरचं औषध आलं कॅन्सरकडून. हायड्रॉक्सीयुरियाला अमेरिकेत १९६७ मध्ये मान्यता मिळाली ती कर्करोगासाठी. १९८४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी दाखवलं, की सिकलसेलच्या रुग्णांत याने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं. ते असलं की पेशी सहजी वाकत नाहीत. मग २९९ प्रौढांवर चाचणी झाली. औषध न मिळालेल्यांना वर्षाला साधारण साडेचार वेदनेचे झटके, मिळालेल्यांना अडीच. १९९५ मध्ये ती चाचणी मुदतीआधीच थांबवली. प्रौढांसाठी मान्यता १९९८ ची. आणि मुलांसाठी? २०१७! म्हणजे मधली एकोणीस वर्षं, अमेरिकेतसुद्धा, मुलांना हे देणारा प्रत्येक डॉक्टर लेबलच्या बाहेरच होता.

आपल्याकडे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांना किलोमागे १० मिलीग्रॅम अशी कमी मात्रा देऊन रीतसर चाचणी केली. झटके घटले, रक्त चढवणं घटलं. हे छापून आलं २०१२ मध्ये, अमेरिकेतल्या त्या मान्यतेच्या पाच वर्षं आधी. मला यात गैरप्रकार दिसत नाही. तो होतच नाही असं मात्र नाही. लेट्रोझोल हे स्तनाच्या कर्करोगाचं औषध. ते वंध्यत्वावर चालतं असा प्रचार खुद्द कंपनीने केला. डॉक्टरने जबाबदारीवर लिहिणं वेगळं आणि कंपनीने खपवणं वेगळं. २०११ मध्ये त्या वापरावर बंदी आली, २०१७ मध्ये उठली.

आता खरी अडचण. कॅप्सूल ५०० मिलीग्रॅमची, मोठ्या माणसाच्या मापाची. या मात्रेने वीस किलोच्या पोराला रोज २०० पुरे. उरलेल्या ३०० चं काय करायचं? शिवाय हे औषध अस्थिमज्जा दाबतं, पांढऱ्या पेशी कमी करतं, म्हणून रक्ततपासणी पुन्हापुन्हा हवी. पाड्यावरून तालुक्याला जायचं, म्हणजे आईबापाची त्या दिवसाची मजुरी बुडाली. लेबलवर नाव चढलं तरी ही फेरी सुटत नाही.