फर्माईश ते शिफारस : गाण्यांच्या आवडीचा सात दशकांचा प्रवास

एखादे गाणे मनापासून आवडले की ते दुसऱ्याला ऐकवावेसे वाटणे, ही अगदी स्वाभाविक मानवी ओढ आहे. आज ही ओढ भ्रमणध्वनीवरून एक दुवा पाठवून काही क्षणांत भागते. मात्र अर्ध्या शतकापूर्वी त्यासाठी पोस्टकार्ड लिहावे लागे, ते पेटीत टाकावे लागे आणि मग आठवडेच्या आठवडे रेडिओला कान लावून बसावे लागे. आपल्या नावानिशी गाणे लागले तर तो घरादारासाठी सोहळा ठरे. 'अमक्या गावाहून तमके आणि त्यांचे सर्व कुटुंबीय' या निवेदकाच्या शब्दांत त्या काळच्या श्रोत्याची सारी कमाई सामावलेली असे. भारतात गाण्यांची आवड परस्परांना कळवण्याची ही प्रथा कशी रुजली, तिला कोणी वळण दिले आणि आज ती कोणाच्या हाती आहे, याचा हा आढावा.

बंदीतून उगवलेली लोकप्रियता

या कहाणीची सुरुवात एका सरकारी निर्णयापासून होते. 1952 मध्ये केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्रिपदाची सूत्रे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आली. केसकर मूळचे पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते. आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीत, 1952 मध्ये सुरू झाला आणि 1954 पासून रेडिओ संगीत संमेलन भरू लागले. देशातील थोर गवयांना घरोघरी पोहोचवण्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. मात्र चित्रपटगीतांविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचा वेळ कमी करण्यात आला. गाण्यापूर्वी चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, अशी भूमिका घेऊन नावे वगळण्यात आली. यातून निर्मात्यांशी वाद झाला, त्यांनी प्रक्षेपणाचे परवाने मागे घेतले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली.

श्रोत्यांनी मात्र आपली आवड बदलली नाही. त्यांनी केंद्र बदलले. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील दोस्त सैन्यासाठी कोलंबो येथे उभारलेली प्रबळ प्रक्षेपण यंत्रणा युद्धानंतर सिलोनच्या सरकारकडे आली होती. तिच्या लघुलहरी भारतभर पोहोचत. रेडिओ सिलोनच्या व्यापारी विभागाने ही संधी अचूक हेरली आणि हिंदी चित्रपटगीतांचे कार्यक्रम सुरू केले.

पायदानावरची गाणी

3 डिसेंबर 1952 रोजी रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. टूथपेस्ट बनवणाऱ्या सिबा कंपनीने ती प्रायोजित केली होती. निवेदक होते विशीतले अमीन सयानी. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात. सयानी यांच्या मातोश्री कुलसुम सयानी यांनी गांधीजींच्या प्रेरणेने 'रहबर' हे नवसाक्षरांसाठीचे पाक्षिक सोप्या हिंदुस्थानीत चालवले होते. त्या पाक्षिकाच्या कामातच आपली भाषा घडली, असे सयानी सांगत. 'बहनों और भाइयों' ही त्यांची साद पुढे साऱ्या उपखंडाला परिचित झाली.

आरंभी कार्यक्रमाचे स्वरूप स्पर्धेचे होते. सात गाणी उलटसुलट क्रमाने वाजवली जात आणि श्रोत्यांनी ती काळानुसार लावून पाठवायची. बक्षीस 100 रुपयांचे असे. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला 65 हजारांवर गेला, असे सयानी यांनी मुलाखतींत सांगितले आहे. एवढी पत्रे उघडून तपासणे हाताबाहेर जाऊ लागले. त्यामुळे 1954 च्या अखेरीस स्पर्धा बंद करून गाण्यांची क्रमवारी सुरू करण्यात आली. क्रमांकाला 'पायदान' हा शब्द रूढ झाला आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता 'पहिल्या पायदानावर कोण' हा घराघरातील चर्चेचा विषय बनला. सयानी यांचा आवाज चाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत असे, अशी आठवण त्या पिढीतील अनेक जण आजही सांगतात.

ही क्रमवारी ठरवायची कशी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. सुरुवातीला ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीचा आधार घेतला गेला. परंतु लोकप्रिय गाण्याची तबकडी दुकानात संपली की विक्री थांबे आणि ते गाणे विनाकारण खाली घसरे. शिवाय गठ्ठ्याने खरेदी करून एखादे गाणे वर चढवले जाण्याची शक्यता होतीच. म्हणून विक्रीच्या जोडीला देशभरातील श्रोता संघांची मते विचारात घेतली जाऊ लागली. गावोगावच्या रेडिओप्रेमींनी एकत्र येऊन स्थापन केलेली ही मंडळे दर आठवड्याला आपली पसंती कळवत. लोकांची आवड मोजण्याच्या खटाटोपात तेव्हा जे प्रश्न उभे राहिले, म्हणजे विक्री खरी मानावी की मत, आणि मत खरे कसे ओळखावे, ते आजही तसेच उभे आहेत.

झुमरीतलैया नावाचे गाव

फर्माईशीच्या इतिहासात एका गावाचे नाव अजरामर झाले आहे. आजच्या झारखंडमधील कोडरमा जिल्ह्यात वसलेले झुमरीतलैया हे एकेकाळी अभ्रकाच्या व्यापाराचे संपन्न केंद्र होते. जवळच बराकर नदीवर दामोदर खोरे महामंडळाचे तिलैया धरण आहे. रेडिओ सिलोन आणि पुढे विविध भारतीवर या गावाहून इतक्या फर्माईशी येत, की असे गाव खरोखर आहे की निवेदकांनी रचलेली ती एक गंमत आहे, अशी शंका श्रोत्यांना येऊ लागली.

या पत्रलेखनाची सुरुवात एका अभ्रक व्यापाऱ्याच्या छंदातून झाल्याचे सांगितले जाते. त्याचे नाव रेडिओवर वारंवार येऊ लागताच इतरांनाही हुरूप आला. पाहता पाहता पत्रांची चढाओढ लागली आणि श्रोता मंडळे निघाली. गाणे ऐकायला मिळणे हा त्यातील एक भाग. आपले आणि आपल्या गावाचे नाव साऱ्या देशाच्या कानी पडणे, हे खरे आकर्षण होते. वर्तमानपत्रात ज्यांचे नाव कधी छापून येण्याची शक्यता नव्हती, त्यांना फर्माईशीने सार्वजनिक जीवनात क्षणभर का होईना, स्थान दिले.

आकाशवाणीचे पुनरागमन

रेडिओ सिलोनकडे वळलेला श्रोता परत आणण्यासाठी आकाशवाणीने 3 ऑक्टोबर 1957 रोजी 'विविध भारती' सुरू केली. कवी पंडित नरेंद्र शर्मा यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. सैनिकांसाठीच्या 'जयमाला' कार्यक्रमात सीमेवरील जवानांच्या पसंतीची गाणी लागत, तर 'विशेष जयमाला'मध्ये चित्रपट कलावंत स्वतः निवडलेली गाणी ऐकवीत. पसंतीमागची आठवण सांगत गाणे ऐकवण्याची ही रीत श्रोत्यांना विलक्षण भावली. 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि सरकारी नभोवाणीनेही बाजाराचे अस्तित्व मान्य केले.

मराठी घरांत याच परंपरेचे नाव होते 'आपली आवड'. भावगीत, नाट्यगीत, अभंग, लावणी आणि चित्रपटगीत यांना एकाच कार्यक्रमात स्थान देणारी ही फर्माईश म्हणजे मराठी माणसाच्या रुचीचा नमुनाच होता. कोकणातील शिक्षक, सोलापूरचा गिरणी कामगार आणि दादरची गृहिणी यांची पसंती एकाच गाण्याच्या आधी वाचली जाई. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांना आपली आवड एक आहे हे त्यातून उमगे.

श्रोत्यातून संशोधक

फर्माईशीचा छंद काहींच्या बाबतीत आयुष्यभराचे कार्य ठरला. कानपूरचे हरमंदिर सिंग 'हमराज' हे मुळात रेडिओचे निष्ठावान श्रोते. गाण्यांच्या अचूक नोंदी कोठेच मिळत नाहीत, हे ध्यानी आल्यावर त्यांनी 'हिंदी फिल्म गीतकोश' सिद्ध केला. 1931 मधील पहिल्या बोलपटापासून दशकवार खंडांत चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नोंद करणारा हा ग्रंथ आज अभ्यासकांना अपरिहार्य वाटतो. श्रोत्यांसाठीच त्यांनी 'लिस्नर्स बुलेटिन' हे नियतकालिकही चालवले. मुंबईत 1990 मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने जुन्या तबकड्या ऐकणाऱ्या आणि ऐकवणाऱ्या रसिकांना एकत्र आणले. 'मला हे आवडते' एवढ्यावर न थांबता 'हे काय आहे, कोणाचे आहे' असे विचारणाऱ्या श्रोत्यांनीच हा ठेवा जपला.

कॅसेट, पडदा आणि फोन

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि शिफारशीचे नवे साधन हाती आले. आवडीच्या गाण्यांची यादी चिठ्ठीवर लिहून दुकानदाराकडे द्यायची आणि दोन दिवसांनी कोऱ्या कॅसेटवर ती भरून घ्यायची, हा शहरांतील परिपाठ झाला. कायद्याच्या दृष्टीने हा व्यवहार निर्दोष नव्हता. मित्राला वा प्रियजनाला भेट दिलेल्या अशा कॅसेटमागे मात्र गाण्यांचा क्रम लावण्याचे श्रम आणि न बोललेले बरेच काही असे.

दूरदर्शनवरील 'छायागीत' आणि 'चित्रहार' यांनी गाणे पाहण्याची गोष्ट केली. नव्वदच्या दशकात डीडी मेट्रोवरील 'सुपरहिट मुकाबला'ने क्रमवारी पडद्यावर आणली आणि उपग्रह वाहिन्यांवर चित्रगीतांची रेलचेल झाली. गाणे कसे आहे यासोबतच ते कसे चित्रित झाले आहे, यावरही मते मांडली जाऊ लागली. 'गीतमाला' 1989 मध्ये विविध भारतीवर आली आणि बदलत्या नावांनी 1994 पर्यंत चालली. 2001 पासून खासगी एफएम केंद्रे सुरू झाली तेव्हा पोस्टकार्डाची जागा फोनने आणि लघुसंदेशाने घेतली. गाणे आता मिनिटांत लागू लागले.

यंत्राची शिफारस

याच सुमारास जगात दुसरीकडे वेगळाच प्रयोग आकार घेत होता. 1994 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 'रिंगो' नावाची प्रणाली तयार झाली. श्रोत्याने कलावंतांना एक ते सात गुण द्यायचे; प्रणाली त्याच्याशी मिळतीजुळती आवड असलेले इतर श्रोते शोधून काढी आणि त्यांना आवडलेले, पण याने न ऐकलेले कलावंत ई-मेलने सुचवी. तोंडोतोंडी होणारी शिफारस यंत्राकडे सोपवणे हा तिच्या जनकांचा उद्देश होता. आजच्या संगीत सेवांच्या शिफारशींमागे हेच मूळ तत्त्व अधिक विस्तारलेल्या रूपात आहे. गाणे पूर्ण ऐकले, मध्येच सोडले की पुन्हा लावले, याची नोंद होते आणि श्रोत्याने शब्दही न उच्चारता त्याचे मत नोंदवले जाते.

याचे लाभ उघड आहेत. लातूरच्या श्रोत्याला घरबसल्या मालीचे वा पोर्तुगालचे संगीत भेटते. पण या पद्धतीची एक मर्यादा आहे. जे गाणे अद्याप कोणी ऐकलेले नाही, ते सुचवायला यंत्राकडे आधार नसतो. जे पुष्कळांनी ऐकले, ते अधिकच पुढे सरकते. गाण्याच्या ध्वनीचे विश्लेषण करून किंवा संपादकांनी याद्या तयार करून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न होतो. तरीही कमी श्रोत्यांच्या भाषांतील गाण्यांना याची झळ अधिक लागते.

इतरांचे मत आपल्या आवडीवर किती परिणाम करते, याचे उत्तर 2006 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दिले. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी 14 हजारांहून अधिक लोकांना अपरिचित वाद्यवृंदांची 48 गाणी ऐकवली. काहींना इतरांनी कोणती गाणी उतरवून घेतली याचे आकडे दिसत होते, काहींना नव्हते. आकडे पाहणाऱ्यांची आठ स्वतंत्र गटांत विभागणी केली होती. आकडे दिसणाऱ्या गटांत लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली. आणि प्रत्येक गटात अव्वल ठरलेले गाणे वेगळे असू शकत होते. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार सुमार गाणी वर आली नाहीत. मधल्या साऱ्यांचे भवितव्य मात्र सुरुवातीच्या काही श्रोत्यांवर अवलंबून राहिले. पायदानाच्या काळातील शंका इथे आकड्यांनी सिद्ध झाली.

नावाची गोष्ट

केसकरांनी वरून रुची घडवू पाहिली, प्रायोजकांनी तिची क्रमवारी लावली आणि आता यंत्र ती ओळखू पाहते. प्रत्येक टप्प्यावर श्रोत्याने आपली वाट शोधली आहे. फरक पडला तो नावाचा. फर्माईशीला सांगणारा असे, त्याचे गाव असे. गाणे नाही आवडले तरी पाठवणाऱ्याशी ओळख झाल्यासारखी वाटे. यंत्राच्या शिफारशीमागे हजारो माणसे असतात, पण त्यांतील एकाचेही नाव कळत नाही.

20 फेब्रुवारी 2024 रोजी अमीन सयानी यांचे मुंबईत निधन झाले तेव्हा ज्यांनी कधीकाळी त्यांना पत्रे लिहिली होती, अशा असंख्य वृद्ध श्रोत्यांनी आठवणी जागवल्या. त्यांतील कित्येकांचे नाव रेडिओवर एकदाच आले होते. तो वार, ती वेळ आणि ते गाणे मात्र त्यांच्या पक्के लक्षात होते. विविध भारती आजही सुरू आहे आणि फर्माईशीचे कार्यक्रमही. आवडलेले गाणे नुसता दुवा म्हणून पुढे ढकलण्याऐवजी त्यासोबत 'हे का आवडले' एवढी एक ओळ लिहिली, तरी ती जुनी परंपरा पुढे चालू राहील.